पागोळीचे पाणी आणि पोढी



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असे चिटणीसबाईंनी दोनतीनदा बजावले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती लिहावी तर माझ्यापेक्षा सुगरणी मंडळात आहेत. पण त्या म्हणाल्या, "शिवनेरीच्या सहलीहून आल्यावर तुम्ही पिंपाबद्दल जे बोललात तेच लिहा." म्हणून हे धाडस करते. विषय इतिहासाचा आहे, पण त्याची सुरुवात माझ्या परसातून होते. चूकभूल पदरात घ्यावी.

आपला जुन्नर तालुका सर्वांना ठाऊकच आहे. पश्चिमेला नाणेघाटाकडे पाऊस नुसता कोसळतो, आणि पूर्वेला सरकत यावे तसा तो हात आखडत जातो. आमचे गाव मधले. परसात दोन गुंठेसुद्धा जागा नाही, पण सासूबाईंनी त्यात लिंबू, कढीपत्ता, शेवगा, मोरीच्या तोंडाशी अळू आणि कुंपणावर घेवडा-दोडका असे सगळे बसवले होते. सासूबाईंनी १९७२ सालचा दुष्काळ भोगला होता. त्यामुळे पागोळीचे पाणी अंगणातून वाहून गेलेले त्यांना बघवत नसे. पावसाळा लागला की पत्र्याच्या वळचणीखाली हंडे, घमेली, जुने रांजण, जे मिळेल ते मांडीत. पुढे आमच्या घरातल्यांनी दोनशे लिटरचे एक प्लॅस्टिकचे पिंप आणून दिले. त्यावर झाकण नव्हते. ते असावे असे आमच्या कोणाच्या मनातही आले नाही.

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात माझी धाकटी मुलगी तापाने फणफणली. डोळ्यांच्या मागे ठणका, अंगभर दुखणे, आणि चौथ्या दिवशी रक्तातल्या पेशी उतरल्या. डेंग्यू निघाला. सहा दिवस तिला दवाखान्यात ठेवावे लागले. त्याच आठवड्यात शेजारच्या वहिनींची दोन्ही मुलेही आजारी पडली. आरोग्यसेविका घरोघर आल्या, त्यांनी आमच्या पिंपात बॅटरीचा उजेड पाडला आणि मला जवळ बोलावले. पाणी आरशासारखे स्वच्छ होते, आणि त्यात हजारो वळवळे वरखाली करीत होते. घाण पाण्यात डास होतात एवढेच मला माहीत होते. हा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो हे त्या दिवशी कळले. वहिनी तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण सहा महिने आमच्या ओट्यावर आल्या नाहीत. मी पिंप उपडे केले, रांजण भंगारवाल्याला दिले. पुढच्या उन्हाळ्यात गावची मोटर जळाली, नळाला आठआठ दिवस पाणी नव्हते, आणि सासूबाईंचे लिंबाचे झाड माझ्या डोळ्यांदेखत वाळून गेले. त्या काही बोलल्या नाहीत. मला मात्र दोन्ही गोष्टी बोचत राहिल्या. पाणी साठवले तर मूल आजारी, न साठवले तर झाड मेले. मग करावे तरी काय?

अशा मनाने मी मंडळाच्या सहलीला आले होते. सात दरवाजे चढून आपण शिवनेरीवर गेलो, शिवाईदेवीचे दर्शन घेतले, आणि गंगा-जमुना टाक्यांपाशी दम खायला बसलो. आपल्याबरोबर निवृत्त गुरुजी होते. त्यांनी समोरच्या मानमोडीच्या डोंगराकडे बोट दाखवून विचारले, "तिथल्या भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीचा एक लेख आहे. त्यात कशाचे दान लिहिले असेल, सांगा पाहू?" कोणी सोने म्हणाल्या, कोणी गाई म्हणाल्या. गुरुजी म्हणाले, "एका मंडपाचे आणि एका पाण्याच्या टाक्याचे."

तो लेख महाक्षत्रप नहपान राजाच्या अयम नावाच्या अमात्याचा आहे. त्याने पुण्यासाठी एक टाके आणि एक मंडप करवला, आणि वर्ष सेहेचाळीस असे कोरून ठेवले. हे शकाचे वर्ष धरले, तर ते इसवी सनाचे १२४ साल येते. टाक्यासाठी त्या लेखात शब्द आहे 'पोढी'. हा शब्द आज आपल्या बोलण्यात राहिला नाही, पण जुन्नरच्या आणि सह्याद्रीतल्या इतर लेण्यांच्या लेखांत तो पुन्हा पुन्हा येतो. जुन्नरच्याच एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्याचे लिहिले आहे. नाणेघाटातून कल्याण बंदराकडे व्यापार चाले, त्या वाटेने परदेशी माणसेही इथे येत आणि दानधर्म करीत. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतही एका पोढीजवळ लेख आहे. सतेरक नावाच्या अमात्याने ती पोढी दिली. त्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा, म्हणजे एका महाक्षत्रपाच्या मुलीचा, उल्लेख आहे. दान दिलेल्या वस्तूला या लेखांत 'देयधम' म्हणतात. आपण देयधर्म म्हणू.

मला नवल वाटले ते याचे, की त्या काळी राहायच्या खोलीसारखेच पाण्याचे टाकेही दान म्हणून देत. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत लेणी खोदली, ती भिक्षूंनी पावसाळ्यात एका जागी राहावे म्हणून. पण तिथेच बारा महिने राहायचे तर उरलेल्या आठ महिन्यांचे पाणी हवे. डोंगराच्या कुशीत नदी नाही, विहीर नाही. म्हणून खोली खोदतानाच दाराशी टाके खोदायचे, वरच्या कातळावर चर मारून पावसाचे पाणी त्यात वळवायचे. सगळे लेणे म्हणजे छप्पर, पन्हळ आणि पिंप यांचीच दगडातली मांडणी!

मग गुरुजींनी आम्हाला एक लहान टाके नीट बघायला लावले. तिथे माझे डोळे उघडले. टाक्याचे तोंड चौकोनी आणि अगदी लहान, जेमतेम एक कळशी आत जाईल एवढे. आत मात्र कातळाच्या पोटात ते चांगले ऐसपैस पसरलेले. तोंडाच्या कडेला दगडात खाच होती. गुरुजी म्हणाले, ही बहुधा झाकण बसवण्यासाठी असावी. ऊन आत नाही, म्हणून शेवाळ कमी. वारा आत नाही, म्हणून पाणी आटणे कमी. आणि झाकण असले म्हणजे कीटकाला शिरकाव नाही. माझ्या परसातले पिंप वर सताड उघडे होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटाला जे कळत होते ते मला कळले नव्हते. चूक पाणी साठवण्यात नव्हती, ते उघडे ठेवण्यात होती.

शिवनेरीचा पुढचा इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत. १६३० साली शिवरायांचा जन्म या गडावर झाला. पण त्याच साली दख्खनेत आणि गुजरातेत फार मोठा दुष्काळ सुरू झाला आणि तो १६३२ पर्यंत चालला, हे मला ठाऊक नव्हते. खाली माणसे अन्नपाण्याविना तडफडत होती, त्या दिवसांत गडावर जो कोणी राहत असेल त्याची तहान याच टाक्या-तळ्यांनी भागवली असणार. बाळंतिणीच्या खोलीत लागणारे पाणी किती असते, ते आपल्यावाचून कोणाला कळणार? जिजाऊसाहेबांच्या पाळण्याचे चित्र आपण पाहतो, पण त्या घरात घागर कोणी भरली आणि कोठून भरली, हे चित्रात नसते.

रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी आज्ञापत्र लिहिले. त्यात गडावरच्या पाण्याबद्दल सांगितले आहे ते कोणत्याही गृहिणीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आधी पाणी पाहावे आणि मग गड बांधावा. पाणी नसेल आणि गड बांधणे भागच असेल, तर खडक फोडून तळी-टाकी मजबूत करावी. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून दोनचार टाकी जखिऱ्याची म्हणून वेगळी राखावी, त्यांतले पाणी एरवी खर्चू नये. आणखी एक गोष्ट ऐकून मला हसू आले. गडावरचा केर खाली फेकू नये, तो जाळून त्याची राख परसात टाकावी आणि घरोघरी भाजीपाला करावा, असेही त्यांनी लिहिले आहे. राज्याच्या कारभाराच्या ग्रंथात परसातल्या भाजीला जागा मिळाली, मग आपल्या स्मरणिकेत का मिळू नये?

आता कोणी म्हणतील, घरात नळ आला, तालुक्यात माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे अशी धरणे झाली, मग पागोळी धरून काय करायचे? नळाला मी नावे ठेवणार नाही. नळाने आपल्या डोक्यावरचा हंडा उतरवला, हे उपकार लहान नाहीत. पण नळ आल्यावर आपण झऱ्यावर निश्चिंत झालो आणि जखिरा विसरलो, एवढे खरे.

सहलीहून आल्यावर मी पिंप पुन्हा उभे केले. या वेळी काय केले ते सांगते.

आमचा पत्रा वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद, म्हणजे सुमारे अठ्ठावीस चौरस मीटर. मुलीने हिशेब करून दाखवला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे दहा मिलिमीटरच्या एका सरीत दोनशेऐंशी लिटर. सांडलवंड वजा केली तरी पिंप एकाच सरीत भरते. पत्र्याच्या कडेला पन्हळ लावली, तिला नळी जोडली. पावसाळ्याच्या पहिल्या दोनतीन सरींत पत्र्यावरची धूळ, पाने, पक्ष्यांची घाण येते, म्हणून तेव्हा नळी बाहेर सोडायची, मग पिंपात घ्यायची. पिंपाच्या तोंडावर जुन्या सुती लुगड्याचे दुपदरी फडके, कडेला नाडी ओवून घट्ट बांधलेले. त्यावर झाकण. जास्तीचे पाणी जिथून बाहेर पडते त्या नळीच्या तोंडालाही फडके. खाली तोटी, म्हणजे वरून तांब्या बुडवायला नको. आठवड्यातून एकदा, आमच्याकडे रविवारी, फडके तपासायचे. पिंप रिकामे झाले की आतून ब्रशने घासायचे, कारण डासाची अंडी कडेला चिकटून कोरड्यातही पुष्कळ दिवस टिकतात. हे पाणी झाडांना आणि अंगण धुवायला. प्यायला नाही.

खोटे बोलणार नाही, दोनशे लिटरवर उन्हाळा निघत नाही. पावसाने मध्येच पंधरा दिवस दडी मारली तर मात्र घेवडा, दोडका, मिरची तगतात. आता दुसरे पिंप घेतले आहे. ते माझे जखिऱ्याचे. दिवाळीपर्यंत त्याला हात लावत नाही. भरून वाहणारे पाणी शेवग्याजवळच्या खड्ड्यात सोडते, ते जमिनीत मुरते. झाडांच्या बुडाशी पालापाचोळा घालते, त्याने ओल टिकते. भांडी विसळलेले पाणी अळूला. लिंबाचे नवे रोप लावले आहे. दोन उन्हाळे त्याने काढले. सासूबाई रोज काठी टेकत जाऊन त्याची पाने मोजतात.

शेजारच्या वहिनींकडे शिवणयंत्र आहे. पिंपाचे पहिले फडके मला नीट जमेना, तेव्हा मी ते घेऊन संकोचतच त्यांच्या दारात गेले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग यंत्र उघडले आणि नाडीची पट्टी शिवून दिली. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पिंपाचे माप घेऊन आल्या. आमच्या आळीत आता सात पिंपांवर अशी फडकी आहेत. त्या सगळ्यांनी माझी चूक ऐकली आहे, आणि मी ती सांगायची थांबवलेली नाही.

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवते. दरवर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, वाट्या घरोघर साठून राहिल्या आहेत. येत्या संक्रांतीला प्रत्येकीने जुन्या लुगड्याचे, नाडी ओवलेले पिंपाचे एक फडके वाण म्हणून द्यावे. खर्च नाहीच म्हटला तरी चालेल. कातळ फोडून पोढी देण्याची ऐपत आपली नाही. पण पोढीचे झाकण आपण देऊ शकतो, आणि तोही देयधर्मच आहे.