ओव्हरक्लॉकिंगसाठी मदरबोर्ड घेताय? लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी या गोष्टी माहीत असायलाच हव्यात!

लोअर परळहून चर्चगेटकडे जाणारी धीमी लोकल पकडली, की महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल आणि तिसरं स्टेशन ग्रँट रोड. तिथून थोडं चाललं की लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटरचे पार्ट घ्यायला निघालेला माणूस ‘लॅमिंग्टनला जातोय’ असंच सांगतो.

एकेकाळी गिरण्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या लोअर परळमध्ये आज जाहिरात कंपन्या, ऑफिसं आणि एडिटिंगची कामं आहेत. शेजारच्या लालबाग-चिंचपोकळीत गणपतीचे आगमन सोहळे सुरू झाले, की रात्रभर व्हिडिओ शूट होतात आणि सकाळपर्यंत रील हवी असते. हे काम करणारी अनेक मुलं घरीच कॉम्प्युटर जोडतात. गेमिंगची हौस असणारी तर आणखी वेगळी!

खरेदीला गेल्यावर सगळं लक्ष असतं प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवर. मदरबोर्ड मात्र ‘उरलेल्या पैशांत बसेल तो’ घेतला जातो. फसगत होते ती नेमकी इथेच. सील फोडलेला बोर्ड दुकानदार सहसा परत घेत नाही आणि चुकीचा बोर्ड पुढची पाच वर्षं गळ्यात पडतो.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमकं काय?

प्रोसेसरचा वेग हा एक साधा गुणाकार असतो. मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचं असतं आणि त्याला एका आकड्याने गुणलं जातं. हा गुणक ५५ असेल, तर वेग ५.५ गिगाहर्ट्झ. कंपनीने ठरवलेला हा गुणक आपण वाढवला, की झालं ओव्हरक्लॉकिंग.

पण वेग वाढवला की जास्त व्होल्टेज लागतं, आणि व्होल्टेज वाढलं की उष्णता वाढते. प्रोसेसरला ही वीज पुरवतो मदरबोर्ड. म्हणूनच ओव्हरक्लॉकिंग जमणार की नाही, हे प्रोसेसरइतकंच बोर्डावरही ठरतं.

पहिली परीक्षा : चिपसेट

बोर्डाच्या नावातलं अक्षर आधी वाचा.

इंटेलमध्ये गुणक बदलण्यासाठी दोन्ही गोष्टी एकत्र लागतात : नावात ‘के’ असलेला प्रोसेसर आणि ‘झेड’ने सुरू होणारा चिपसेट. बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी झेड ६९० किंवा झेड ७९०, तर नव्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी झेड ८९०. बी ७६० किंवा बी ८६० बोर्डावर रॅमचा वेग वाढवता येतो, पण प्रोसेसरचा गुणक वाढवता येत नाही. एच ६१० वर तर रॅमचाही वाढवता येत नाही.

म्हणजे समजा, कुणी जास्त पैसे मोजून १४७००के घेतला आणि चार पैसे वाचवायला बी ७६० बोर्ड घेतला, तर कॉम्प्युटर व्यवस्थित चालेल. पण ओव्हरक्लॉकिंगसाठी मोजलेले पैसे पाण्यात!

एएमडीचं गणित थोडं सैल आहे. रायझनचे बहुतेक प्रोसेसर खुलेच असतात. एएम ५ सॉकेटवर बी ६५०, बी ८५०, एक्स ६७० आणि एक्स ८७० या बोर्डांवर ओव्हरक्लॉकिंग करता येतं. ए ६२० आणि बी ८४० वर प्रोसेसरचं करता येत नाही. बी ८४० आणि बी ८५० ही नावं दुकानाच्या गर्दीत सहज एकसारखी ऐकू येतात, तेव्हा बिलावरचा आकडा नीट पाहा. ७८००एक्स३डीसारख्या काही प्रोसेसरांचा गुणक मात्र कुठल्याही बोर्डावर बदलत नाही. ९८००एक्स३डीमध्ये तो खुला आहे.

दुसरी परीक्षा : व्हीआरएम

सॉकेटच्या आजूबाजूला धातूचे जाडसर ठोकळे दिसतात. त्यांच्याखाली व्हीआरएम असतं. पॉवर सप्लायकडून येणारी १२ व्होल्टची वीज प्रोसेसरला चालेल अशा साधारण एक-सव्वा व्होल्टवर आणणं, हे त्याचं काम.

हे काम किती जड आहे? १४९००के प्रोसेसर कंपनीच्या मर्यादेतच २५३ वॅटपर्यंत वीज ओढू शकतो आणि रायझन ९ ७९५०एक्स २३० वॅटपर्यंत. व्हीआरएम कमकुवत असेल, तर ते तापतं आणि स्वतःला वाचवण्यासाठी बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली आणतो. म्हणजे वेग वाढवायला गेलो आणि होता तोही गेला!

खोक्यावर ‘१४+२+१’ असे आकडे असतात. ते वीजपुरवठ्याचे टप्पे. आकडा मोठा असणं चांगलं, पण प्रत्येक टप्पा किती अँपिअर पेलतो आणि वर हीटसिंक किती भरीव आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. व्हीआरएमवर हीटसिंकच नाही असा बोर्ड ओव्हरक्लॉकिंगसाठी घेऊ नये.

मुंबईची हवा इथे आडवी येते!

परदेशी यूट्यूबरचे आकडे मुंबईत जसेच्या तसे लागू होत नाहीत. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. चाचणी २२ अंशांच्या खोलीत झाली असेल आणि तुमच्या खोलीत मे महिन्यात ३३ अंश असतील, तर प्रोसेसरही साधारण तितकाच, म्हणजे ११ अंशांनी जास्त तापणार.

शिवाय कॉम्प्युटर ओढतो ती जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. तिथे ५०० वॅटचा कॉम्प्युटर म्हणजे छोटा हीटरच! तो रोज सहा तास चालला तर दिवसाला ३ आणि महिन्याला ९० युनिट. बेस्टच्या बिलावर हे लगेच दिसतं.

तिसरी परीक्षा : कनेक्टिव्हिटी

ओव्हरक्लॉकिंगने आज हाती लागतो तो फायदा फार तर काही टक्क्यांचा, कारण आधुनिक प्रोसेसर स्वतःहूनच मर्यादेजवळ पळतात. योग्य पोर्ट असतील, तर मात्र तासांचा वेळ वाचतो.

आगमन सोहळ्याचं २०० जीबी फुटेज कॉम्प्युटरवर घ्यायचं आहे असं धरा. वेगवान एसएसडीवरून प्रत्यक्षात साधारण असा वेळ लागेल :

- यूएसबी २.० : सुमारे दीड तास
- ५ गिगाबिट यूएसबी : ७ ते ८ मिनिटं
- १० गिगाबिट यूएसबी : साडेतीन मिनिटं
- १ गिगाबिट लॅन : अर्धा तास
- २.५ गिगाबिट लॅन : १२ मिनिटं

म्हणून पोर्ट किती आहेत यापेक्षा कोणत्या वेगाचे आहेत, हे विचारा. स्वस्त बोर्डांवर मागच्या बाजूचे अनेक पोर्ट यूएसबी २.० चेच असतात. कीबोर्ड-माऊसला ते पुरतात, कामाला नाही. ४० गिगाबिटचा यूएसबी ४ हवा असेल, तर एक्स ८७० बोर्डांवर तो असतोच. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला टाइप-सी असेल, तर बोर्डावर त्याची जोडणी आहे का, तेही बघा.

एम.२ स्लॉटचंही तसंच. सॅटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, तर चौथ्या पिढीची एनव्हीएमई ७,००० एमबीपर्यंत जाते. पण काही बोर्डांवर दुसरा-तिसरा एम.२ स्लॉट भरला, की एखाद-दोन सॅटा पोर्ट बंद पडतात किंवा ग्राफिक्स कार्डाच्या लेन निम्म्या होतात. हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नसतं. कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून घ्या आणि ‘शेअर’ हा शब्द शोधा. पाच मिनिटांचं काम, पण मोठा मनस्ताप वाचतो.

बोर्डावर एचडीएमआय आहे म्हणून निर्धास्त राहू नका. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल, तर तो पोर्ट शोभेचाच. इंटेलच्या ‘एफ’ आणि ‘केएफ’ प्रोसेसरांत ते नसतं.

रॅम : सगळ्यात सोपा आणि स्वस्त वेग

एएम ५ आणि इंटेलच्या नव्या एलजीए १८५१ सॉकेटवर फक्त डीडीआर ५ चालते. एलजीए १७०० चे बोर्ड मात्र डीडीआर ४ आणि डीडीआर ५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात, आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही.

६००० वेगाची रॅम घेतली, म्हणजे ती ६००० वर चालते असंही नाही! बायोसमध्ये जाऊन इंटेलसाठी ‘एक्सएमपी’ किंवा एएमडीसाठी ‘एक्स्पो’ चालू करावं लागतं. अनेकांची महागडी रॅम वर्षानुवर्षं कमी वेगावर चालत असते आणि त्यांना पत्ताही नसतो.

रॅमच्या चार पट्ट्या लावण्याचा मोहही टाळा. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दोन पट्ट्यांना ५२०० चा वेग सांगितला आहे, तर चार पट्ट्यांना फक्त ३६००. ६४ जीबी हवी असेल, तर ३२ च्या दोन घ्या.

धोका कुठे आहे?

२०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्या आणि त्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. मूळ जास्त व्होल्टेजमध्ये सापडलं. कंपनीला सुधारित मायक्रोकोड द्यावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. दोन्ही दुरुस्त्या ग्राहकांपर्यंत बायोस अपडेटमधूनच पोचल्या.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. नवीन बोर्ड लावला, की सगळ्यात आधी बायोस अपडेट करा. प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून अपडेट करता येईल, असं फ्लॅशबॅकचं बटण बोर्डावर असेल तर उत्तमच. जुना स्टॉक नव्या प्रोसेसरला ओळखत नसेल, तर हेच बटण वाचवतं.

आणि हो, ओव्हरक्लॉकिंगमुळे, अगदी एक्सएमपी-एक्स्पोमुळेही, प्रोसेसरच्या वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो, असं दोन्ही कंपन्यांच्या अटींत आहे.

दुकानातून निघण्याआधी

- खोक्यावरचा आणि बोर्डावरचा सिरियल नंबर जुळतो का ते बघा.
- एलजीए १७००, एलजीए १८५१ आणि एएम ५ या सर्वांच्या पिना बोर्डावर असतात. झाकण काढून मोबाइलच्या उजेडात एकही पिन वाकलेली नाही ना, हे दुकानदारासमोरच तपासा. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही.
- सिरियल नंबर लिहिलेलं जीएसटीचं पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय ‘थोडं कमी करून देतो’ हा सौदा वॉरंटीच्या वेळी महागात पडतो.
- कॅबिनेटचं माप लक्षात ठेवा. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ आणि मिनी आयटीएक्स १७० बाय १७०.

मग घ्यायचा कोणता?

मुख्य काम एडिटिंग आणि अधूनमधून गेमिंग असेल, तर चांगल्या हीटसिंकचा, २.५ गिगाबिट लॅन आणि किमान दोन वेगवान यूएसबी पोर्ट असलेला बी ६५० किंवा बी ८५० बोर्ड बहुतेकांना पुरेसा आहे. त्यावर एक्स्पो चालू करायचं आणि वाचलेले पैसे मोठ्या एसएसडीत घालायचे. एएमडीने एएम ५ सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवणार असं जाहीर केलेलं असल्याने पुढे फक्त प्रोसेसर बदलायची सोयही राहते.

ज्यांना ओव्हरक्लॉकिंगचाच नाद आहे, त्यांनी झेड किंवा एक्स मालिकेकडे जरूर जावं. पण मग चांगला कूलर आणि खोलीतली हवा यांचाही खर्च त्याच हिशेबात धरावा.

रात्री दोन वाजता रेंडर चालू असताना कॉम्प्युटर बंद पडला, तर वाढवलेले ते २०० मेगाहर्ट्झ काही कामाला येत नाहीत. सकाळी रील द्यायची असेल, तर न थांबता चालणारा बोर्डच खरा वेगवान!