तांब्यावरची नदी

काल्हेरला खाडीच्या काठी बसलोय, तर आज नदीच्याच चित्रांबद्दल बोलू. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अँटवर्पमध्ये यान ब्रूगेल (१५६८–१६२५) आणि त्याच्या वळणाचे चित्रकार तांब्याच्या लहानशा पत्र्यावर तैलरंगात नदीकाठची गावं रंगवायचे. होड्या, माल उतरवणारी माणसं, मागे निळं होत गेलेलं क्षितिज. तांबंच का? कापडाची वीण मध्ये येत नाही, आणि लाकडासारखं ते दमट हवेत फुगत नाही. पत्रा घासायचा, त्यावर लसणाचा रस चोळायचा, की रंग धरतो. मग होडीतली टोपलीसुद्धा काढता येते.

आता बघा, चित्रांतल्या नद्या गजबजलेल्या. आणि खुद्द अँटवर्पची शेल्ट नदी? १५८५ मध्ये शहर स्पेनच्या हाती गेलं आणि मुखाशी बसलेल्या डचांनी समुद्राची वाट अडवली. १६४८च्या तहानं त्यावर शिक्काच बसला. आतल्या होड्या चालत होत्या. दर्यावरची जहाजं थेट धक्क्याला येईनात. कितीतरी व्यापारी ॲमस्टरडॅमला निघून गेले. म्हणून मला ही चित्रं नुसती शोभेची वाटत नाहीत.

हे दुखणं आपल्यालाही नवं नाही. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, पुढे इथे जहाजं बांधायला काढली. पण आपल्या खाडीचं मुख वसईला, आणि वसई पोर्तुगीजांची! ती मराठ्यांकडे यायला १७३९ उजाडलं. शेल्ट तर फ्रेंचांनी उघडली, तीही १७९०नंतर.