हिवाळ्यातील ट्राउट आणि बास : कृत्रिम माशीची मासेमारी व धरणांखालील नद्या

गळाने मासे धरणे महाराष्ट्राला अपरिचित नाही. कोकणात त्यासाठी 'गरवणे' असे स्वतंत्र क्रियापदच आहे. गरवणारा गरीला खरे आमिष लावतो. इंग्लंडमध्ये मात्र काही शतकांपूर्वी एक वेगळी परंपरा रुजली. पक्ष्यांची पिसे, प्राण्यांचे केस आणि रेशमी धागा गळावर बांधून पाण्यावर बसलेल्या कीटकाचा आभास निर्माण करायचा आणि ही जवळजवळ वजनरहित 'माशी' जाड दोरीच्याच भाराने दूरवर फेकायची, अशी ती पद्धत होय. 'फ्लाय फिशिंग' या नावाने ती जगभर पसरली. तिचा सारा डोलारा जलकीटकांच्या जीवनचक्रावर उभा आहे. हिवाळ्यात ते चक्र मंदावते, पाणी गोठू लागते आणि मासा तळाशी निपचित होतो. असे असूनही आज अमेरिकेतील कित्येक नद्यांवर जानेवारीतही ट्राउटची मासेमारी चालते. हा बदल मासेमाराच्या कौशल्यातून झाला की अन्य कारणांनी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मासा शीतरक्ताचा प्राणी असल्याने त्याच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर उतरते. ट्राउट हा मुळात थंड पाण्यातला मासा. तरीही पाणी चार-पाच अंश सेल्सिअसपर्यंत उतरले की त्याची भूक कमी होते. उत्तर अमेरिकेतील बास याहून अधिक उबेचा भोक्ता आहे. दहा अंशांखाली तो सुस्तावतो आणि खोल डोहांत गोळा होतो. अशा वेळी मासा आमिषामागे धावत नाही. आमिषच त्याच्या तोंडापाशी, तळालगत, प्रवाहाच्या गतीने न्यावे लागते. मासेमाराचीही परीक्षा होते. ओली दोरी छडीच्या कड्यांत गोठते आणि बधिर बोटांना गाठ मारणे जमत नाही. दुपारचे मोजके तासच काय ते उपयोगाचे असतात.

या अडचणीची प्रांजळ नोंद १६७६ मध्ये सापडते. आयझॅक वॉल्टन यांच्या 'द कम्प्लीट अँग्लर' या ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीला चार्ल्स कॉटन यांनी दुसरा भाग जोडला. डर्बीशायरच्या सीमेवरून वाहणारी डव्ह नदी हे कॉटन यांचे कार्यक्षेत्र होते. कोणत्या महिन्यात कोणती माशी बांधावी याची यादी त्यांनी दिली आणि ती जानेवारीपासून सुरू केली. त्या महिन्यासाठी त्यांनी दोनच माश्या सुचविल्या. त्यांपैकी एकीसाठी काळ्या, लांब केसांच्या कुत्र्याच्या शेपटीचे केस लागत. मात्र या महिन्यात ग्रेलिंगखेरीज दुसरा मासा वर येत नाही, तोही लहानच असतो आणि त्यासाठी ऊबदार, उन्हाचा दिवस लागतो, हे त्यांनी लपविले नाही. यामागे जीवशास्त्रीय कारणही आहे. ब्राउन ट्राउट शरद ऋतूच्या अखेरीस व हिवाळ्याच्या आरंभी अंडी घालतो आणि त्यामुळे त्या काळात क्षीण असतो. ग्रेलिंग वसंतात अंडी घालतो. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात ट्राउटला अभय आणि ग्रेलिंगची शिकार, हा प्रघात निसर्गक्रमाला धरूनच होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक हॅल्फर्ड यांच्या ग्रंथांनी पाण्यावर तरंगणाऱ्या कोरड्या माशीला जवळजवळ धर्माचे रूप दिले. तरंगणाऱ्या माशीसाठी पृष्ठभागावर खरे कीटक असावे लागतात. साहजिकच या पंथात हिवाळ्याला स्थान नव्हते. त्याला आव्हान दिले ते व्यवसायाने वकील असलेल्या जी. ई. एम. स्क्यूज यांनी. मासा बहुतांश अन्न पाण्याखालीच, कीटकांच्या अपक्व अवस्थेत खातो, हे त्यांनी पकडलेल्या माशांच्या पोटातील अन्न तपासून दाखविले. १९१० चा त्यांचा 'मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम' हा ग्रंथ वादाचे मूळ ठरला. हा वाद इतका चिघळला की १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये त्यावर जाहीर चर्चा घडवावी लागली. पुढे विल्टशायरमधील एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांनी धाग्याऐवजी बारीक तांब्याची तार वापरून झटकन बुडणारी निम्फ-माशी तयार केली. थंड पाण्यात तळाशी बसलेल्या माशापर्यंत पोहोचण्याचे तंत्र असे सिद्ध झाले. मात्र नदीचा हिवाळा तोच राहिला.

तो बदलला अमेरिकेत. त्या देशात मासे स्थलांतरित करण्याचा उत्साह रेल्वेइतकाच जुना आहे. १८५४ मध्ये सुमारे तीस स्मॉलमाउथ बास चक्क रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून ॲलेघनी पर्वत ओलांडून पोटोमॅक नदीच्या खोऱ्यात आणले गेले. १८८१ मध्ये डॉ. जेम्स हेन्शल यांनी बासवर स्वतंत्र ग्रंथ लिहून या माशाला ट्राउटच्या बरोबरीची प्रतिष्ठा मिळवून दिली. १८८३ मध्ये जर्मनीतून ब्राउन ट्राउटची अंडी आली. पॅसिफिक किनाऱ्याकडील नद्यांतला रेनबो ट्राउट तर आगगाडीने देशभर पोहोचला. तरीही प्रत्येक नदीचे तापमान ही या उत्साहाची मर्यादा होती. आर्कान्सा व मिसूरी राज्यांतील व्हाइट नदी उन्हाळ्यात चांगलीच तापत असे. ती बासची नदी होती आणि होडीतून प्रवाहाबरोबर वाहत केलेल्या बास-मासेमारीसाठी १९३० च्या दशकात तिची ख्याती होती.

या खोऱ्यात १९४४ मध्ये नॉरफोर्क आणि १९५१ मध्ये बुल शोल्स ही धरणे पूर्ण झाली. पूरनियंत्रण व वीजनिर्मिती हे त्यांचे उद्देश होते. माशांचा विचार त्यांत नव्हता. खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात : वर ऊबदार, हलके पाणी आणि तळाशी थंड, जड पाणी. वीजगृहाकडे पाणी खोलातून घेतले जात असल्याने धरणाखालील नदी भर उन्हाळ्यात गार झाली. हिवाळ्यात नेमके उलटे घडले. पाण्याची घनता चार अंशांना सर्वाधिक असते, म्हणून जलाशयाच्या पृष्ठभागाजवळील पाणी कितीही गारठले तरी तळाचे पाणी गोठत नाही. परिणामी धरणाखाली नदीचा ऋतूच जवळपास नाहीसा झाला. बासला उन्हाळी ऊब मिळेना. धरणाखालच्या पट्ट्यातून तो हटला. या नुकसानीची भरपाई म्हणून शासनाने १९५० च्या दशकात नॉरफोर्क येथे ट्राउटचे मत्स्यबीज केंद्र उभारले. स्थिर तापमानात मिज जातीचे चिलटासारखे कीटक बारमाही निपजू लागले आणि तांदळाच्या दाण्याहून लहान माश्या बांधण्याची कला भरभराटीस आली. शेजारच्या लिटल रेड नदीत, अशाच एका धरणाखाली, १९९२ मध्ये चाळीस पौंडांहून अधिक वजनाचा ब्राउन ट्राउट मिळाला. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. कॉटन यांच्या जानेवारीतील वीतभर ग्रेलिंगशी त्याची तुलना करून पाहावी.

बासच्या नदीत ट्राउट आला, एवढ्यावर हा व्यवहार थांबला असता तर तो फारसा कटू ठरला नसता. यूटामधील ग्रीन नदीचा इतिहास मात्र अस्वस्थ करणारा आहे. ही कोलोराडो नदीची उपनदी. गढूळ पूर आणि तापलेला उन्हाळा यांना सरावलेले कोलोराडो पाइकमिनो, हंपबॅक चब, बोनीटेल व रेझरबॅक सकर हे मासे तिच्यात होते. ते कोलोराडो खोऱ्याबाहेर जगात कोठेही आढळत नाहीत. मत्स्यविभागाच्या लेखी मात्र त्यांतील बहुतेक 'निरुपयोगी' होते. फ्लेमिंग गॉर्ज धरणाची दारे बंद होण्यापूर्वी, सप्टेंबर १९६२ मध्ये, ग्रीन नदी व तिच्या उपनद्यांच्या सुमारे सातशे किलोमीटर लांबीच्या प्रवाहात रोटेनॉन हे विष सोडण्यात आले. नवा जलाशय ट्राउटसाठी 'स्वच्छ' मिळावा, हा हेतू होता. रोटेनॉन वनस्पतींच्या मुळांतून मिळते व माशांच्या पेशींतील श्वसन थांबविते. वनस्पतींच्या रसाने डोहातील मासे गुंगविण्याची पद्धत भारतातील आदिवासींनाही ठाऊक आहे, पण ती एखाद्या डोहापुरती असते. येथे अख्खी नदी लक्ष्य होती. मत्स्यशास्त्रज्ञ कार्ल हब्ज व रॉबर्ट मिलर यांनी केलेला विरोध व्यर्थ गेला. विष निष्प्रभ करण्यासाठी पोटॅशियम परमँगनेट सोडण्याची योजना पुरती यशस्वी झाली नाही आणि ते खाली डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीपर्यंत पोहोचले. रेचेल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक प्रसिद्ध झाले तो हाच महिना. त्यानंतरच्या वर्षी गृहखात्याचे मंत्री स्ट्युअर्ट उडाल यांनी अशा योजनांत दुर्मिळ जातींचा विचार अनिवार्य केला. १९६७ च्या पहिल्या संकटग्रस्त यादीत पाइकमिनो आणि हंपबॅक चब या दोघांचीही नावे होती.

तथापि, सारा दोष विषावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. विष एकदाच वाहिले. थंड पाणी दररोज वाहत राहिले. सुमारे सहा अंशांच्या पाण्यात देशी माशांचे प्रजनन अशक्य झाले. एवढेच नव्हे, ज्यांच्यासाठी हे सारे केले त्या ट्राउटचीही वाढ जलाशय भरत गेला तशी खुंटली. म्हणून १९७८ मध्ये धरणाला वेगवेगळ्या पातळ्यांवरून पाणी घेणारी दारे बसविण्यात आली आणि नदीचे तापमान माणसाच्या हाती आले. ग्रीन नदीवरील हिवाळी मासेमारी आज प्रसिद्ध आहे ती या व्यवस्थेच्या आधारे.

पुढे याच व्यवस्थेचा उपयोग अनपेक्षित कारणासाठी झाला. कोलोराडोच्या खोऱ्यात पोहोचलेला स्मॉलमाउथ बास देशी माशांची पिले खाऊ लागला होता. बासचा नर दगडगोट्यांतील घरट्याची राखण करतो. पाण्याचा अचानक लोंढा आला की पिले वाहून जातात. २०२१ च्या उन्हाळ्यात फ्लेमिंग गॉर्जमधून याच हेतूने लोंढा सोडण्यात आला. कोलोराडोवरील ग्लेन कॅन्यन धरणाची अडचण अधिक गंभीर होती. दुष्काळामुळे पॉवेल जलाशय खालावला आणि पृष्ठभागाचे ऊबदार पाणी वीजगृहाच्या नळांतून खाली येऊ लागले. २०२२ मध्ये धरणाखाली बासची पिले सापडली. तेथून पुढे, लिटल कोलोराडोच्या संगमाजवळ, हंपबॅक चबची सर्वांत मोठी वस्ती आहे. जुलै ते नोव्हेंबर २०२४ या काळात वीजनिर्मितीचे नुकसान सोसून खोलवरच्या नळांतून थंड पाणी सोडण्यात आले, जेणेकरून नदीचे तापमान सुमारे साडेपंधरा अंशांखाली राहावे आणि बासला अंडी घालता येऊ नयेत. ज्या गारव्याने चबला साठ वर्षे छळले, त्याच गारव्याच्या आश्रयाला आता त्याला ठेवण्यात आले होते.