किर्लोस्करांचे नाटक आणि बडोद्याचे गाणे

संगीत नाटककार म्हणून बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांची कारकीर्द जेमतेम पाच वर्षांची आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला, १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले आणि ‘रामराज्यवियोग’ अपुरे असतानाच २ नोव्हेंबर १८८५ रोजी ते निवर्तले. विष्णुदास भावे यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’पासून रूढ झालेल्या पद्धतीत पदे म्हणण्याचा भार सूत्रधारावर, म्हणजे कथानक गाऊन पुढे नेणाऱ्या निवेदकावर असे, स्वतः नट असलेल्या किर्लोस्करांनी ज्याचे पद त्याच्याच तोंडी घातले आणि त्यासाठी साकी, दिंडी यांसारखी कीर्तनातून श्रोत्यांच्या कानावर असलेली मात्रावृत्ते योजली. या बदलामुळे नटाला अभिनयाइतकाच तयार गळाही लागू लागला, आणि मराठी रंगभूमीच्या दृष्टीने हीच त्यांची सर्वांत दूरगामी कामगिरी मानली पाहिजे.

असा गळा घडवणारी विद्या गायकवाडांच्या बडोद्यात नांदत होती. सयाजीराव तिसरे यांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी तेथे १८८६ साली गायनशाळा काढली, तर ग्वाल्हेर परंपरेचे फैज महंमद खाँ दरबारी गवई होते. बडोदे संस्थानातील कठोर गावी १८६९ साली जन्मलेले भास्करबुवा बखले बालवयात किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि ‘रामराज्यवियोगा’त कैकेयीची भूमिका करू लागले, पुढे आवाज फुटल्यावर, म्हणजे वयात येताना गळा बदलल्यावर, मंडळीतील त्यांचे स्थान गेले आणि ते बडोद्यास फैज महंमद खाँ यांच्याकडे शिकण्यास गेले. नाटकाने दूर केलेला हाच मुलगा रागदारी आत्मसात करून रंगभूमीकडे परतला, बालगंधर्वांचा गुरू झाला आणि १९१६ च्या ‘स्वयंवरा’ला त्याने दिलेल्या चालींनी नाट्यसंगीताला ख्यालगायकीचे, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार करणाऱ्या गायनाचे, वळण लावले. संगीत रंगभूमीचा इतिहास सांगली, पुणे आणि मुंबई एवढ्याच गावांच्या आधारे लिहिण्याची प्रथा म्हणूनच बडोद्यावर अन्याय करणारी आहे. किर्लोस्कर मंडळीतून १९१३ साली फुटून निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीलाही सयाजीरावांचा आश्रय लाभला, आणि राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाचा पहिला प्रयोग, लेखकाच्या मृत्यूनंतर महिन्याभरात, २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यातच झाला.