सोलापुरातील श्रमिकांची घरे : काही शब्द व त्यांचा इतिहास

नगरातील निवाऱ्याचा प्रश्न बहुधा वजाबाकीच्या रूपाने मांडण्यात येतो. कुटुंबे इतकी, घरे इतकी, उरलेली संख्या म्हणजे टंचाई. ही वजाबाकी खोटी असते असे नव्हे; तथापि तिच्यात 'घर' हा शब्द सर्वत्र एकाच अर्थाने वापरलेला असतो. सोलापूरसारख्या मुंबई-पुण्याच्या मानाने लहान, परंतु जुन्या औद्योगिक शहराचा इतिहास पाहिला तर घर कोणी बांधले, कोणासाठी बांधले आणि त्यात राहणाऱ्याने काय करावे अशी अपेक्षा होती, यांनुसार त्या शब्दाचा अर्थ पालटत गेलेला दिसतो. या पालटाच्या खुणा शहराच्या बोलण्यात अद्याप शिल्लक आहेत. त्यांतील काहींचा येथे विचार करावयाचा आहे.

साखर पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ ही नावे व्यापाराची होत. पेठेत बिऱ्हाड करावयाचे ते वाड्याच्या मालकाच्या आश्रयाने. ('बिऱ्हाड' या शब्दाचे कानडी 'बिडार' याच्याशी असलेले नाते सोलापुरात कोणास समजावून सांगावे लागत नाही, मराठी, कानडी व तेलुगू या तिन्ही भाषा येथे एकाच गल्लीत नांदतात.) १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजेच पुढे लोकांच्या तोंडी बसलेली 'जुनी मिल', सुरू झाली. तिच्यामागून नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या आणि मजुरांसाठी चाळी उभ्या राहिल्या. चाळीतील खोली ही वेतनाची सावली होती. नोकरी गेली की खोलीवरचा हक्कही डळमळीत होई. गिरण्या बंद पडल्या, तरी चाळींची नावे गिरण्यांचीच राहिली.

याहून विलक्षण शब्द 'सेटलमेंट' हा होय. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात वसवून, हजेरी लावून कामास जुंपणारी ही वसाहत निवाऱ्याच्या इतिहासात सहसा गणली जात नाही. कायद्याच्या इतिहासात गणली जाते. वस्तुतः सरकारने श्रमिकांच्या राहण्याची व्यवस्था आपल्या हाती घेतल्याचे हे शहरातील एक आरंभीचे उदाहरण आहे, आणि ते बंदिवासाचे आहे. कुंपणाबाहेर राहण्याची मुभा मिळालेल्यांच्या वस्तीस 'फ्री कॉलनी' म्हणत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, तरी 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव टिकले. आज ते उच्चारणाऱ्या कित्येकांस त्यातील 'फ्री' हा शब्द कशापासूनची सुटका सांगतो, याची कल्पनाही नसेल.

खासगी मालकांनी भाड्याच्या खोल्या बांधणे पुढे मंदावले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली. भाडेकरूस संरक्षण मिळाले, परंतु नवी चाळ बांधण्यात मालकास स्वारस्य उरले नाही. ही पोकळी झोपडपट्टीने आणि गुंठ्या-गुंठ्याने विकल्या गेलेल्या शेतजमिनींनी भरून काढली. पहिलीस १९७१ च्या कायद्याने आणि दुसरीस २००१ च्या गुंठेवारी कायद्याने शासनदरबारी नाव मिळाले. १९९२ साली महापालिकेत नवी गावे आली, आणि 'हद्दवाढ भाग' हा कचेरीतला शब्द सोलापूरकरांच्या नित्य बोलण्यात जाऊन बसला.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सोलापूरच्या पूर्व भागात घर व कारखाना हे दोन नव्हतेच. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकराच्या घरात माग असे, आणि उरलेल्या जागेत माणसे निजत. विडी वळणारी स्त्री कारखान्याच्या शाखेतून पाने व तंबाखू आणते आणि विड्या वळते आपल्या उंबऱ्याशी. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणारासही कामगार मानले. त्यामुळे तिचे घर कायद्याच्या दृष्टीनेही कामाची जागा ठरले. १९७६ साली विड्यांवरील उपकरातून कल्याण निधी उभा राहिला आणि त्यातून घरबांधणीस साहाय्य मिळण्याची वाट मोकळी झाली. 'विडी घरकुल' हे शहरातील स्थलनाम या काळाचे अपत्य आहे. 'घरकुल' हा मायेने उच्चारावयाचा शब्द. तो एका सरकारी योजनेचा पारिभाषिक शब्द व्हावा, हे अर्थांतर नोंद घेण्याजोगे आहे.

शहराबाहेर कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाची १०,००० घरांची सहकारी वसाहत विडी कामगार स्त्रियांसाठी उभी राहिली. २००६ साली तिच्या घरांच्या किल्ल्या तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते देण्यात आल्या. केंद्र व राज्य यांच्या अनुदानास कामगार स्त्रीचा स्वतःचा वाटा जोडलेला होता. सहकारी संस्थेत ती 'सभासद' असते. त्यानंतरच्या योजनांच्या कागदोपत्री तीच 'लाभार्थी' होते. दोन्ही शब्द संस्कृतातून घडविलेले आणि दोन्ही कचेरीतले. परंतु पहिला कर्तृत्वाचा आहे, दुसरा प्राप्तीचा. संस्थेच्या सभेत प्रश्न विचारण्याचा अधिकार सभासदास असतो. लाभार्थीने तो कोठे विचारावा, हे त्या शब्दात सांगितलेले नाही.

कुंभारीतच रे नगर हा ३०,००० घरांचा प्रकल्प झाला. त्याची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये १५,००० घरे हवाली करण्यात आली. येथे विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे, वाहनचालक यांचाही समावेश आहे. संख्येच्या दृष्टीने हे कार्य असाधारण आहे, यात शंका नाही. किंतु या यादीतील प्रत्येकाचे घराशी नाते निराळे आहे. विडीचे सूप मांडीवर मावते. नव्या घरातही ते मावेल. यंत्रमागावर राबणाऱ्यास मात्र रोज शहरातील कारखाना गाठावा लागतो, आणि फेरीवाल्याचे गिऱ्हाईक पेठेतच राहते. म्हणून या घराच्या किमतीत एस.टी.चे अथवा रिक्षाचे रोजचे भाडे मिळविल्याखेरीज ते 'परवडणारे' आहे की नाही, हे सांगता येणार नाही. आणि तो हिशेब चाळीच्या काळी कोणास करावा लागत नव्हता, कारण भोंगा खोलीत ऐकू येत असे.