जर्मनच्या भांड्याला राख का चालत नाही?

पितळेचे भांडे काळवंडले की चिंच लावायची आणि राखेने घासायचे, ही कोकणातली जुनी रीत. पुढे घरात ॲल्युमिनियम आले. लोकांनी त्याला ‘जर्मन’ म्हटले, पण घासण्याची रीत पितळेचीच ठेवली.

१८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांना न कळवता, विजेच्या साहाय्याने हा धातू मिळवला आणि तोवर मौल्यवान असलेले ॲल्युमिनियम स्वस्त झाले. १८९८ मध्ये मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्याची भांडी घडवायला सुरुवात केली. पितळेहून हलकी, शिवाय कल्हईचा खर्च नाही!

खरे तर हा धातू आपली कल्हई आपणच करतो. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा, काही नॅनोमीटर जाडीचा, थर चढतो. लोखंडाचा गंज सुटून पडतो, हा मात्र घट्ट चिकटून आतला धातू राखतो. अडचण एवढीच की तो आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही. राख अल्कधर्मी, धुण्याचा सोडा त्याहून तीव्र. सोड्याच्या कोमट द्रावणात ॲल्युमिनियमच्या कागदाचा तुकडा टाकून वर्गात दाखवावे. बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे, म्हणून जवळ ज्योत नको. कॉस्टिक सोडा तर मुलांच्या हाती देऊच नये.

आम्लाचे उदाहरण स्वयंपाकघरातच आहे. पाणी उकळून काळे पडलेले पातेले आमसुलाचे सार केल्यावर लख्ख दिसते. तो काळेपणा गेला कुठे? सारात! आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या भांड्यात साठवू नयेत, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे.

चिपळूणला आणखी एक शत्रू आहे. वाशिष्ठीच्या खाडीकडून येणाऱ्या खाऱ्या हवेतले क्लोराइड हा थर जागोजाग फोडते. स्कूटरच्या इंजिनाच्या झाकणावर पांढरी भुकटी दिसते, तिच्याखाली बारीक खड्डे असतात. २२ जुलै २०२१ च्या महापुरासारख्या वेळी खाचाखोचांत ओला गाळ बसतो. त्याखाली हवा पोचत नाही, म्हणून फुटलेला थर पुन्हा धरत नाही. अशा वेळी आधी गोड्या पाण्याने आणि मऊ ब्रशने गाळ काढावा, मग सौम्य साबण. उरलेल्या भुकटीवर लिंबाचा रस थोडा वेळ लावून लगेच भरपूर पाण्याने धुवावे, कोरडे पुसावे आणि वर मेण चोळावे. नवा थर आपोआप येतो. खड्डे मात्र भरून येत नाहीत.

खिडक्यांच्या चौकटींवर बहुधा मुद्दाम जाड केलेला थर असतो. १९२३ साली इंग्लंडमध्ये बेंगफ आणि स्टुअर्ट यांनी समुद्री विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी विजेने असा थर चढवला. त्या चौकटींना काथ्या लावू नये, आणि सोडा तर नाहीच नाही.