सातारा व सांगली जिल्ह्यांतील लोहारकाम

लोहारकाम हा लोखंड तापवून, ठोकून त्यापासून अवजारे व इतर वस्तू घडवण्याचा पारंपरिक व्यवसाय आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांत (सांगली जिल्हा १९४९ पासून दक्षिण सातारा, तर १९६० पासून सांगली या नावाने ओळखला जातो) हा व्यवसाय प्रामुख्याने शेतीशी निगडित राहिला.

गावगाड्यातील स्थान

लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. नांगराचा फाळ व कुळवाची पास पाजवणे, विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडवणे या वर्षभराच्या कामाबद्दल त्याला सुगीत खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते मिळत असे. गावोगाव फिरून हेच काम करणारे घिसाडी मात्र भटके कारागीर होते. बैलांच्या खुरांना पत्री मारण्याचे काम नालबंद करत. १९४० च्या दशकात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारला ‘पत्री सरकार’ हे नाव याच क्रियेवरून पडले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. अपराध्याच्या तळपायांवर मारण्याची शिक्षा बैलाला पत्री मारण्यासारखी मानली गेली.

साधने व पद्धती

भट्टी, भाता, ऐरण, घण, हातोडा, सांडशी व छिन्नी ही मुख्य साधने होत. चामडी भात्याची जागा पुढे हाताने फिरवायच्या पंख्याने घेतली. पोलादी पात्याची धार लालबुंद तापवून पाण्यात बुडवण्याच्या क्रियेस ‘पाणी देणे’ म्हणतात. अशी धार कठीण पण ठिसूळ होते. म्हणून ती पुन्हा बेताने तापवतात आणि तिच्यावर चढणाऱ्या रंगावरून ताप पारखतात. ताप कमी पडल्यास धार तुटते, अधिक झाल्यास ती वळते. बैलगाडीचे लाकडी चाक सुतार करतो, तर त्यावरील लोखंडी धाव लोहार बसवतो. तापून प्रसरण पावलेली धाव चाकावर चढवून पाण्याने थंड केली की आकसते आणि चाक घट्ट आवळते.

शोभेचे काम

जुन्या वाड्यांच्या दरवाजांवरील मोठ्या डोक्याचे खिळे, कडी-कोयंडे, साखळ्या व पीळ दिलेल्या सळ्या यांत लोहाराचे नक्षीकौशल्य दिसते.

लोखंडी नांगर व व्यवसायातील बदल

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला. लोखंडामुळे जमीन नासते, या समजुतीने शेतकऱ्यांनी आरंभी तो नाकारला. १९१० मध्ये औंध संस्थानच्या साहाय्याने कुंडलजवळ किर्लोस्करवाडी हे उद्योगनगर उभे राहिले. ते आज सांगली जिल्ह्यात आहे. ओतीव लोखंड ऐरणीवर घडवता येत नाही. त्यामुळे ओतीव फाळ झिजला की तो पाजवण्याऐवजी बदलला जाऊ लागला आणि लोहाराचे एक हक्काचे काम कमी झाले. कुळव, पाभर व गाडीची कामे मात्र त्याच्याकडेच राहिली.

सद्यस्थिती

ट्रॅक्टर, तयार अवजारे व रोखीचा व्यवहार यांमुळे बलुते पद्धत मागे पडली. काही लोहार वेल्डिंगकडे वळले. ऊसपट्ट्यात तोडणीचे कोयते घडवणे व त्यांना धार लावणे हे काम टिकून आहे. त्यासाठी मोटारींच्या कमानीचे जुने पाटे वापरले जातात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकामाचा समावेश आहे.